योगेश्वरीच्या गावी एक ॲम्प्लिफायर

पुण्याची माणसे अंबाजोगाईला जातात ती बहुधा देवीसाठी. योगेश्वरी ही पुष्कळ कोकणस्थ घराण्यांची कुलस्वामिनी. घरात कार्य झाले की नव्या नवरानवरीला घेऊन जायचे, ओटी भरायची आणि दुसऱ्या दिवशी परळीच्या वैजनाथाचे दर्शन घेऊन परतायचे, असा ठरलेला कार्यक्रम असतो. माझ्यासारखे मराठीचे मास्तर गेलेच तर मुकुंदराजांच्या समाधीसाठी जातात. २०२५ सालची भाऊबीज होऊन चार दिवस झाले, आणि मी निघालो तो यांपैकी कशासाठीच नव्हे. माझ्या पिशवीत खणानारळाऐवजी कंडेन्सरांची पुडी, दोन डायोड, मूठभर रेझिस्टन्स, सोल्डरचे वेटोळे आणि अमेरिकेहून आलेला एक हिरवा सर्किट बोर्ड होता. यांतला निम्मा माल मी बुधवार पेठेत, तपकीर गल्लीत, पासोड्या विठोबाच्या देवळाजवळ घेतला. जन्मभर पासोडी हा शब्द मी वर्गात दासोपंतांच्या संदर्भात उच्चारीत आलो. विठोबाच्या नावात तो आहे खरा, पण त्या विठोबाला साक्षी ठेवून रेझिस्टन्स मोजून घेण्याची वेळ येईल असे वाटले नव्हते.

अहिल्यानगरपर्यंत एसटी आणि तेथून बीडपर्यंत आगगाडी, असा प्रवास मी मुद्दाम ठरवला. बीडला रेल्वे येणार, येणार, हे मी अर्धी चड्डी घालीत होतो तेव्हापासून ऐकत आलो आहे. ती १७ सप्टेंबर २०२५ रोजी, मराठवाडा मुक्तिदिनाचा मुहूर्त धरून, खरोखरच आली. गाडी काही वाऱ्याशी स्पर्धा करीत नाही. कडा, आष्टी, अंमळनेर, रायमोहा अशी गावे घेत, बालाघाटाच्या उघड्या टेकड्यांमधून ती बेताबेताने जाते. पण डब्यातली माणसे खिडकीबाहेर अशा काही कौतुकाने पाहत होती की जणू ही शेते त्यांनी कधी पाहिलीच नव्हती. सप्टेंबरातल्या अतिवृष्टीने शेतांचे बांध फुटलेले जागोजागी दिसत होते. कापूस काळा पडला होता. माझ्यासमोरचे एक आजोबा प्रत्येक ओढ्यावर हात जोडीत होते. नमस्कार पुलाला की पाण्याला, हे काही मला कळले नाही.

बीडला उतरून पुन्हा एसटी. मांजरसुंबा, नेकनूर, केज. पुढे चंदनसावरगाव लागते आणि त्यानंतर लोखंडी सावरगाव. एकाच नावाच्या दोन गावांपैकी एकाच्या वाट्याला चंदन आणि दुसऱ्याच्या वाट्याला लोखंड कसे आले, हा प्रश्न लहानपणी मी मामांना दर खेपेला विचारीत असे, आणि मामा दर खेपेला, "तुझा पुढचा प्रश्न?" असे म्हणत.

मामा म्हणजे आईचे थोरले भाऊ. भौतिकशास्त्राचे प्राध्यापक. १९६४ साली ते पुढच्या शिक्षणासाठी अमेरिकेत गेले आणि १९६८ साली परत येऊन अंबाजोगाईलाच शिकवू लागले. त्या काळी परदेशाहून येणारी माणसे घड्याळे आणीत, नायलॉनच्या साड्या आणीत. मामांनी साडेचौदा किलोचे एक लोखंडी धूड आणले. आजीने ते पाहून, "हे तिथं मिळतं, तर इथं काय कमी होतं?" असे विचारल्याची कथा घरात अजून सांगतात.

ते धूड म्हणजे डायनाको कंपनीचा 'स्टिरिओ ७०' ॲम्प्लिफायर. फिलाडेल्फियाच्या डेव्हिड हाफ्लर यांनी तो १९५९ साली बाजारात आणला. तयार घेतला तर एकशेतीस डॉलरांच्या आसपास आणि सुटे भाग घेऊन स्वतः जोडला तर शंभराला पाच सेंट कमी. शिष्यवृत्तीवर जगणाऱ्या मुलाला तीस डॉलर ही काही थोडी रक्कम नव्हे. असे साडेतीन लाखांहून अधिक ॲम्प्लिफायर विकले गेले, आणि त्यांतले पुष्कळसे हौशी माणसांनी स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून जोडले. बरोबर जी पुस्तिका येई तिच्यात प्रत्येक वाक्यापुढे खूण करायला जागा असे: अमुक तार तमुक खुंटीला लावा, करा खूण. मामांच्या पुस्तिकेत एकही खूण गाळलेली नाही. शाईच्या पेनाने, सरळ, जशी ते उत्तरपत्रिकेवर करीत तशी.

आजच्या मुलांना व्हॉल्व्ह म्हणजे काय हे सांगावे लागते. काचेची नळी, आतली हवा काढून घेतलेली. मधोमध तापलेली दांडी. ती तापली की तिच्यातून इलेक्ट्रॉन सुटतात आणि समोरच्या पत्र्याकडे धाव घेतात. वाटेत एक तारेची जाळी. रेकॉर्डवरच्या सुईकडून आलेली आवाजाची क्षीण लहर या जाळीवर सोडली की मोठा प्रवाह तिच्या तालावर कमीजास्त होतो. धरणाचे दार एका बोटाने उघडझाप करावे, तसे. मामांच्या यंत्रात असे चार मोठे व्हॉल्व्ह होते, दोन डाव्या बाजूचे, दोन उजव्या बाजूचे; त्यांचे नाव ईएल ३४. त्यांना जोर देणारे दोन लहान, आणि वीज एकमार्गी करणारा एक. संध्याकाळी दिवा न लावता मामा यंत्र सुरू करीत. मिनिटभराने त्या काचांत निखारे फुलत, आणि आम्ही मुले तोंडाचा चंबू करून बसत असू. पहिली दहा वर्षे मला संगीत म्हणजे उजेडाचाच एक प्रकार वाटे.

यंत्र अमेरिकेचे, म्हणजे एकशेवीस व्होल्टांचे. आपली वीज दोनशेतीसची. तिकडे सेकंदाला साठ आवर्तने, इकडे पन्नास. त्यामुळे मूळचाच तापट असलेला ट्रान्सफॉर्मर येथे अधिकच तापे. मामांनी हैदराबादेहून दाब उतरवणारा एक ट्रान्सफॉर्मर गुंडाळून आणवला आणि तो मुद्दाम एकशेदहावर ठेवला. पुढे लहान व्हॉल्व्ह गेले. ते ७१९९ जातीचे. भारतात मिळणे दुरापास्त. तेव्हा मामांनी सॉकेटच्या पायांच्या जोडण्या फिरवून तेथे ईसीएफ ८२ बसवले. हे सगळे त्यांनी एका लांबट वहीत लिहून ठेवले आहे, तारीखवार, मराठीत. आणि मला वाटते मराठीत ॲम्प्लिफायरवर लिहिलेल्या फार थोड्या गद्यग्रंथांपैकी तो एक असावा.

मामा २०११ साली गेले. मामी आज एक्याऐंशी वर्षांच्या आहेत आणि एकट्या राहतात. त्यांचा मुलगा, माझा मामेभाऊ, न्यू जर्सीत. त्याचा फोन आला, "आईला त्यावर रेकॉर्डी ऐकायच्या असतात, पण नुसती घरघर येते म्हणते. मी भाग पाठवतो. आतला बोर्डच नवा बसवून टाक, मूळच्यापेक्षा सरस आवाज देणारा मिळतो इकडे. एकदा काय तो आवाज सुधारून घे." जुन्या 'स्टिरिओ ७०'साठी असे नवे बोर्ड तिकडे विकत मिळतात, ही गोष्ट खरी. साठ वर्षांपूर्वीच्या यंत्राचे आतडे बदलून त्याला तरुण करण्याचा तो एक मोठा छंदच आहे.

"आलास? हात धू. काय काय आणायलास पिशवीत?" मामींनी दारातच विचारले. बोर्ड पाहून म्हणाल्या, "एवढंसं? ह्यांनी जन्म घालवला त्यात." मग यंत्र सुरू केले. घरघर होतीच, तिच्या आड मल्लिकार्जुन मन्सूर कुठे तरी दूर, विहिरीच्या पलीकडे गात होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मंडी बाजारात गेलो. तेथे एक बोळ आहे, त्यात सहा फूट रुंदीचे एक दुकान, आणि दुकानात सत्तरी ओलांडलेले चाचा. त्यांनी मर्फी, बुश आणि फिलिप्सचे रेडिओ दुरुस्त करण्यापासून सुरुवात केली. पुढे सप्ताहातल्या कीर्तनाचे, उरुसातल्या कव्वालीचे आणि लग्नाच्या मांडवातले ॲम्प्लिफायर आले. या जिल्ह्यात हरिनाम सप्ताहाला तोटा नाही, त्यामुळे चाचांनाही कामाचा तोटा कधी पडला नाही. मामा त्यांना उस्ताद म्हणत, ते मामांना सर म्हणत, आणि दोघेही एकमेकांच्या पाठीमागे मला सांगत की त्यांना यातले थोडेफार कळते.

दुकानापुढे गर्दी होती. टोळ्या निघायच्या होत्या. वाचकांतल्या पुष्कळांना साखर माहीत आहे, पण कोयता माहीत नसेल. बीड जिल्ह्यातून दरवर्षी दसरा-दिवाळीनंतर लक्षावधी माणसे ऊस तोडायला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. मुकादम आधी उचल देतो, आणि ती फेडण्यासाठी हंगामभर राबायचे. नवराबायको मिळून एक कोयता. एकट्या माणसाची गणती अर्ध्या कोयत्यात होते. भाषेचा मास्तर म्हणून मी पुष्कळ लक्षणा-व्यंजना शिकवल्या आहेत, पण दोन जिवंत माणसांना मिळून एका हत्याराचे नाव पडावे, ही लक्षणा काही मला वर्गात नीट सांगता येत नाही. पाच-सहा महिने उसाच्या पाचटाच्या खोपीत राहायचे. तेव्हा निघण्यापूर्वी कोणी बॅटरी दुरुस्त करून घेत होता, कोणी पेनड्राइव्ह लावायचा लहानसा स्पीकर, कोणी मोबाइलचा चार्जर. एका बाईच्या हातात जुना ट्रान्झिस्टर होता. "सासऱ्याला ठिवून चाललो," ती सांगत होती, "त्यायला बीडचं स्टेशन लागलं पायजे बघा. मान्सं नसली तरी आवाज तर व्हईल घरात."

मी पुढे होऊन माझे काम सांगितले. चाचांनी चष्म्यावरून पाहिले. "सरांचा स्टिरिओ? करतो की. पण सर, आधी टोळीचं काम. यांच्या गाड्या रात्री निघतेत. तुमचा स्टिरिओ कुठं चाललाय?"

याला उत्तर नव्हते. मी बाजूच्या स्टुलावर बसलो. ट्रान्झिस्टर उघडला गेला, आतली एक तुटलेली तार जोडली गेली, बीडचे केंद्र लागले. बाईने तेथेच उभे राहून अर्धे गाणे ऐकले, मग पदराच्या गाठीतून पैसे काढले. चाचांनी त्यांतले निम्मे परत केले. "उद्या संध्याकाळी घरी येतो," मला म्हणाले. "जागेवर ऐकल्याबिगर मी हात लावत नसतो."

एक दिवस मोकळा मिळाला. मी सवयीने मुकुंदराजांकडे गेलो. गावाबाहेर जयंती नदीच्या खोऱ्यात, कड्याच्या अंगाला समाधी आहे. दरीतून वारा वर येतो आणि बोलणे खाली जाते. 'विवेकसिंधु' शके १११० मधला, म्हणजे इसवी सन ११८८ मधला, असे परंपरा सांगते. म्हणजे ज्ञानेश्वरीच्या आधी शंभर वर्षे. पण त्याच्या आज मिळणाऱ्या पोथ्यांची भाषा तितकी जुनी दिसत नाही, आणि त्यावरून विद्वानांत वाद आहेत. कारण साधे आहे. नक्कल करणारा प्रत्येक जण शब्द थोडा सुधारून घेतो. त्याला तो जुना, अडणारा वाटतो. वाचणाऱ्याची सोय म्हणून तो नवा शब्द घालतो. आणि पाचसहाशे वर्षांनी मूळ आवाज कोणता होता हे सांगायला कोणी उरत नाही. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरी शुद्ध केली ती नेमकी उलट दिशेने: मधल्या लोकांनी घातलेली भर काढून टाकीत. आणि पुढच्यांनी पुन्हा भर घालू नये म्हणून प्रतीच्या शेवटी सणसणीत इशारा देऊन ठेवला. त्याच शतकात याच गावात दासोपंतांनी चाळीसेक फूट लांब कापडावर पंचीकरण लिहिले, ती पासोडी. कागद सुटा होतो, पाने मागेपुढे होतात, मधे कोणी एखादे घुसडून देतो. सलग कापडात पान घुसडणे अवघड. त्यांनी हाच विचार केला असेल असे मी म्हणत नाही. पण पाठचिकित्सा शिकवणाऱ्या माणसाला तसा मोह होतो.

परतताना हत्तीखान्यावरून आलो. खडकात कोरलेली ती लेणी, अंगणात दगडी हत्ती. योगेश्वरीचे लग्न वैजनाथाशी ठरले होते, मुहूर्त टळला आणि वऱ्हाड जागच्या जागी दगड झाले, ते हे हत्ती, असे लोक सांगतात. हत्तींकडे पाहता आपल्यामुळे कोणाचा खोळंबा झाला आहे असे त्यांना वाटत असावेसे दिसत नाही.

रात्री मामांची वही घेऊन बसलो. १९६८ ते १९८३ पर्यंत नोंदी तुरळक आहेत: व्हॉल्व्ह बदलला, विजेचा दाब १७०, आज २६०, फ्यूज. आवाजाबद्दल तक्रार एकही नाही. आणि मग २६ जून १९८३ ची नोंद: आवाज पातळ वाटतो, तबल्याचा बायां हरवला आहे, गाणारा मध्यभागी बसत नाही. त्यानंतर मात्र मामांना चैन पडलेले नाही. जाळीकडे जाणारे कंडेन्सर मोठे केले. खर्ज उठावदार करण्यासाठी वेगळी एक जोडणी घातली. ती पुरेना म्हणून आणखी वाढवली. स्पीकरची खोकी सुताराकडून नवी करून घेतली. १९९१ सालची एक नोंद अशी आहे की दोष यंत्रात नसून आपल्या कानांत आला असावा. त्याच्याखाली एक वर्षभर काहीच नाही.

पोथी पाहताना आपण पहिला अपपाठ कोठे शिरला ते शोधतो. सकाळी चहा घेताना मी सहज विचारले, "मामी, १९८३ च्या जूनमध्ये घरात काय झालं होतं?"

मामींनी कप खाली ठेवला. "शहाबादी फरशी घातली," एवढेच म्हणाल्या आणि आत निघून गेल्या.

संध्याकाळी चाचा आले. त्यांनी पिशवीतून मीटर काढले, पण लावले नाही. यंत्राच्या समोर, दोन स्पीकरांच्या मधोमध, जमिनीवर मांडी घातली आणि जुनी एक मोनो तबकडी लावायला सांगितली. मिनिटभर डोळे मिटून ऐकले. मग उठून यंत्र बंद केले, दोन्ही स्पीकरांच्या तारा यंत्राकडून सोडल्या, खिशातून टॉर्चचा एक नवा सेल काढला आणि उजव्या स्पीकरच्या तारा त्याला टेकवल्या. टक् असा आवाज होऊन स्पीकरचा कागदी पडदा बाहेर आला. डाव्याच्या तारा टेकवल्या. पडदा आत गेला.

"उलटी हाय सर," चाचा म्हणाले.

एवढेच होते. दोन स्पीकर एकाच वेळी हवा पुढे ढकलतात, तेव्हा खर्ज भरतो आणि गाणारा दोहोंच्या मधे उभा राहतो. एकाची तार उलट लागली की एक पुढे ढकलतो तेव्हा दुसरा मागे ओढतो. खालचे स्वर एकमेकांना खाऊन टाकतात आणि गाणारा कोठेच नसतो. यंत्रात काही बिघडलेले नसते. सेलच्या एका टेकवण्यात कळणारी गोष्ट. भौतिकशास्त्राचे प्राध्यापक अठ्ठावीस वर्षे यंत्र उघडीत राहिले आणि खोक्यामागची तार त्यांनी पाहिली नाही.

मामी दारात उभ्या होत्या. "मीच लावली ती," त्या म्हणाल्या. "हे पेपर तपासायला औरंगाबादला गेले होते. फरशीवाले आले, खोकी हलवावी लागली. दोन्ही तारा सारख्याच दिसत होत्या. परत आल्यावर ह्यांनी विचारलं, हात लावला होतास का? मी नाही म्हणाले. फार रागवायचे यंत्राला हात लावला की." थोडा वेळ थांबून म्हणाल्या, "दोन-तीनदा सांगावं वाटलं. मग किती वर्षं झाली म्हणून नाही सांगितलं."

मला काय बोलावे सुचेना. चाचा मात्र डाव्या खोक्याच्या मागे ओणवे होऊन तार फिरवीत होते, तेथूनच म्हणाले, "ताई, तार मी बी नाही पाहिली. धा वेळा आलो असन या घरात. चहा पिऊन गेलो. सर म्हणले यंत्रात खोट हाय, मीबी यंत्रातच पाहिलं."

तार सुलट लागली. तबकडी पुन्हा लावली. आणि काय सांगावे! बायां असा काही घुमू लागला की फडताळातली भांडी थरथरली. मामी घाबरून मागे सरल्या. चाचा हसू लागले. नसलेला दोष काढण्यासाठी मामांनी अठ्ठावीस वर्षे जो खर्ज वाढवीत नेला होता, तो सगळा आता एकदम घरात शिरला होता.

त्यापुढचे दोन दिवस आम्ही वही समोर ठेवून काम केले. पहिल्यांदा यंत्र बंद करून, वायर काढून, आतल्या मोठ्या कंडेन्सरमधली वीज उतरवली. तो चारशेहून अधिक व्होल्ट धरून बसतो आणि यंत्र बंद असले तरी माणसाला फेकून देऊ शकतो. मी काही धरू लागलो की चाचा "एक हात खिशात" असे बजावीत. घरघर त्या कंडेन्सरचीच होती. आतला द्रव वाळून गेला होता. तो बदलला. ईएल ३४ च्या जाळ्यांना उणा दाब देणारा जुना सेलेनियमचा रेक्टिफायर थकला होता, त्यामुळे व्हॉल्व्ह नको तितके तापत. तेथे साधा सिलिकॉनचा डायोड आला. जाळीकडचे कंडेन्सर गळत होते, तेही गेले. नवे मूळच्या मापाचे घातले. दोन रेझिस्टन्स आपल्या अंकापासून दूर वाहवले होते. इथवर वादाला जागा नव्हती.

वाद झाला तो मामांच्या भरीवरून. मामी म्हणाल्या, "तो नवा बोर्डच बसवा. माझ्या चुकीपायी ह्यांनी जे जे उकरलं ते मला डोळ्यांपुढं नको." मुलाचीही तीच इच्छा होती. रात्री फोनवर तो मला आकडे सांगत होता, नव्या बोर्डाने आवाज किती स्वच्छ होईल ते. खरेच झाला असता. त्याच्याशी माझे काही भांडण नव्हते. चाचांनी बोर्ड उलटसुलट पाहिला. "माल एक नंबर हाय," म्हणाले. "सरांचा बिघडला तर हाच बसवू. पण चालायलाय ना तो?"

शेवटी नोंदीनोंदीने ठरले. जून १९८३ नंतरची खर्ज वाढवणारी जोडणी काढली. ती चुकीच्या निदानावरचे औषध होती. मोठे केलेले कंडेन्सर मूळ मापावर आलेच होते. ईसीएफ ८२ ची फिरवलेली जोडणी ठेवली. ती गरजेतून आली होती आणि नीट केलेली होती. एका ठिकाणी मामांनी एक तार पुस्तिकेतल्यापेक्षा जवळून, ट्रान्सफॉर्मरपासून लांब नेली होती, तारीख १९७२. चाचांनी तिच्याकडे बराच वेळ पाहिले आणि म्हणाले, "हे सरांनी चांगलं केलं. कंपनीला नव्हतं सुचलं." काढलेले सगळे भाग मी एका पाकिटात घालून, वर तारखा लिहून, वहीत ठेवले. हिरवा बोर्ड मामींच्या कपाटात, साड्यांखाली आहे.

अखेरीस मोठ्या व्हॉल्व्हांचा प्रवाह जुळवायचा होता. त्यासाठी पुढच्या सॉकेटवर मीटर लावून १.५६ व्होल्ट येईपर्यंत एक मळसूत्र फिरवतात. नव्या कोऱ्या सेलचा दाबही जवळजवळ तेवढाच असतो. चाचांनी मळसूत्र मला फिरवायला दिले. डावीकडे १.५६ आले. उजवीकडे १.५५ आणि १.५७ यांच्यामध्ये काटा डुलत राहिला, कारण बाहेर विजेचा दाबच डुलत होता. "र्‍हाऊ द्या," चाचा म्हणाले, "गाव हाय."

मामींनी दिवा मालवला. काचांत निखारे फुलले. घरघर नव्हती, इतकी नव्हती की आधी यंत्र बंद पडले असेच वाटले. मग तानपुरा आला, आणि मन्सूर भिंतीपासून हातभर पुढे, दोन्ही खोक्यांच्या बरोबर मध्ये, बसले. मामी त्या रिकाम्या जागेकडे पाहत होत्या. एक बाजू संपेपर्यंत कोणी बोलले नाही.

निघण्यापूर्वी वहीत नोंद करायची राहिली होती. मी तारीख घातली आणि लिहिले: डाव्या स्पीकरची तार उलट होती, सुलट केली. मामींनी चष्मा लावून वाचले.

"कुणी उलट लावली ते नाही लिहिलंस."

"राहू द्या हो, मामी."

"लिही," त्या म्हणाल्या. "त्यांची वही आहे ती."

मी लिहिले. मामींनी खाली सही केली, पूर्ण नावाची, माहेरच्या वळणाच्या अक्षरात. केजकडे जाणारी एसटी तोवर गेली होती. पुढच्या गाडीला दोन तास होते, म्हणून तबकडीची दुसरी बाजू लावली.